रिकाम्या काट्यावरचे साठ किलो

दिवे गेले म्हणून कुरकुरू नका रे. आपल्या पायाखालच्या कोळशावर चार शहरं उजळतात आणि आपण कंदिलाची काच पुसतो! बसा. माझ्या साडूची गोष्ट सांगतो. खोटं रचण्याइतकी अक्कल त्याला नाही.

साडू खाणीच्या फाटकावर कारकून. ट्रक काट्यावर चढला की वजन लिहायचं, रिकामा जाताना आणि भरून येताना. वजनाच्या वेळी ट्रकवर माणूस नको, हा नियम. मजूर मागं बसून यायचे. साडू ओरडायचा, "उतर खाली!" वजन झालं की ते परत चढायचे. ठेकेदाराची माणसं ती, नावं कुठंच लिहिलेली नाहीत.

त्यातलाच एक, आपल्या आळीतला, आत ढिगाऱ्याखाली गाडला गेला. कंपनी म्हणाली, हा आत आलाच नव्हता. त्याची बायको रोज काट्याशी यायची. "भाऊजी, तुम्ही पाहिलंत ना त्यांना? तेवढं लिहून द्या. भरपाई मिळाली तर पोरं जगतील." साडू मान खाली घालायचा. त्या दिवशी आत जाताना वजनासाठी त्यानं स्वतःच त्याला उतरवलं होतं. पण नोकरी! लाज वाटते सांगायला, मीच त्याला म्हणालो होतो, गप्प बस.

मग तो मंगळवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. साडू कोठीतून प्रिंटरचा कागद घेऊन परत आला. फाटक बंद. काटा रिकामा. आकडा मात्र... साठ.

कुत्रं असेल म्हणून बाहेर गेला. कुणी नाही.

साठ.

सवयीनं तोंडातून निघालं, "उतर खाली..."

आकडा हलला नाही.

"उतर ना रे..."

काट्याचा पत्रा करकरला. उभ्या माणसानं पाय बदलावा तसा.

साठ.

साडू पहाटेपर्यंत तिथंच रडत बसला. सकाळी साहेबाला लिहून दिलं, तो आत गेला होता, मी पाहिलं. साहेबानं कागद फाडला. म्हणाला, "काटा बिघडलाय." नवा बसवला. साठच. तिसरा आणला. तरी साठ.

शेवटी हुकूम निघाला, दर गाडीमागं साठ किलो वजा करा. झालं! वजन कबूल, माणूस नाकबूल. मेल्यांना लाज नाही. बाई अजून फाटकाशी उभी असते.

हसताय? जा, काट्यावर गाडी नसताना आकडा बघून या.