मोतीरामची हवेवरची गाडी

बसा इथंच गॅलरीत. आत डास फोडून काढतील. केबल तुटलीय म्हणतात, लाईट काही लवकर यायची नाही. साक्षी, तो फोन पालथा ठेव बाई, डोळ्यांवर येतो उजेड.

साई मघाशी विचारत होता ना, कपाटातल्या फोटोत माझ्याशेजारी उभा आहे तो कोण. तो मोतीराम. मोतीराम विधाते. सातपूरला एकाच कारखान्यात, टूलरूममध्ये, बावीस वर्षं आम्ही दोघं एका पाळीत होतो. घर त्याचं मखमलाबादच्या शिवारात. दीड एकर फुलं. शेवंती, झेंडू, कडेला गुलछडी. मी पाहिलं तेवढं पाहिलं, बाकीचं त्यानंच मला सांगितलं. आणि खोटं बोलणं त्याला जमायचं नाही.

गाडीपासून सुरुवात करतो.

एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या कामावर कधीकाळी एक परदेशी इंजिनिअर आला होता. जाताना आपली व्हॅन इथंच सोडून गेला. गोल तोंडाची, पुढं चपटी, जुनी फोक्सवॅगन. पंधरा-वीस वर्षं ती बाभळीखाली सडत पडली होती. मोतीरामनं ती चौऱ्याण्णव साली घेतली आणि बैलगाडीला बांधून घरी आणली. लोक हसले. कारण गाडीला रेडिएटरच नाही. इंजिन मागं, आणि ते थंड होतं नुसत्या हवेवर. पाणी म्हणून कुठं घालायचं नाही. गावात तिला नावच पडलं, हवेवरची गाडी.

तिचा सुटा भाग कुठंच मिळायचा नाही. मग आम्ही पाळी सुटल्यावर लेथवर बसायचो. बुश केले, गाईड केले, कार्बोरेटरच्या सुया घासून घासून बसवल्या. मी आपला हौसेपुरता. खरी जोडीदार होती त्याची बायको, सुवर्णा. तिचा हात लहान. इंजिनाच्या पत्र्यामागं जिथं आमचा पंजा जात नसे तिथं तिचा मनगटापर्यंत जायचा. टॅपेट बसवायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट नीट करायची, ती इंजिन पूर्ण थंड असतानाच. म्हणून पहाटे, फुलं तोडायच्या आधी, दोघं गाडीमागं उकिडवे बसायचे. ती टॉर्च धरणार, तो पाना फिरवणार. गाडी सुरू केली की ती मान वाकडी करून ऐकायची. म्हणायची, "दोन नंबरचा वाजतोय अजून." आणि तो वाजतच असायचा. आमचे टूलरूमचे कान, पण आम्हाला ऐकू यायचं नाही.

मग फुलांच्या करंड्या भरून फुलबाजारात. तो पुढं चालवायला, ती मागं करंड्या सांभाळत. मध्ये पत्र्याचा आडोसा, आणि इंजिनाचा आवाज एवढा की हाक ऐकू येत नसे. म्हणून तिनं खूण ठेवली होती. त्याच्या डोक्यामागच्या पत्र्यावर बोटानं एकदा वाजवलं की थांब. दोनदा वाजवलं की चल.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. मुलगी शुभांगी मोठी झाली, लग्न होऊन घोटीला गेली. घरात दोघंच उरले.

दोन हजार सोळाच्या जुलैत एका रात्री सुवर्णाच्या छातीत कळ आली. मोतीरामला अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघायचा धीर नव्हता. त्यानं तिला उचललं, गाडीत मागच्या बाकावर आडवं घातलं आणि निघाला. वीस मिनिटांचा रस्ता.

मखमलाबाद सोडलं आणि मागून पत्रा वाजला. एकदा.

तो ओरडला, "आलंच, आलंच."

थोडं पुढं गेल्यावर परत वाजला. एकदाच. त्यानं गाडी अजून ताणली.

रामवाडीच्या पुलावर तिसऱ्यांदा. अगदी हलका.

नंतर नाही वाजला.

डॉक्टर म्हणाले, पाच-दहा मिनिटांपूर्वीच गेल्या.

थांबला असता तरी ती वाचली नसती, हे मी त्याला शंभर वेळा सांगितलं. तो म्हणायचा, "वाचली नसती, ठाऊक आहे मला. पण ती थांब म्हणत होती, वाल्मीक. तीन वेळा म्हणाली. तिला काहीतरी बोलायचं होतं. आन मी गाडी हाणत बसलो."

त्यानंतर ती गाडी रस्त्यावर आली नाही. गोठ्याच्या शेजारी ताडपत्रीखाली उभी. पण महिन्या-महिन्याला तो एकटाच टॅपेट बसवायचा, टॉर्च दातात धरून. चालू करायचा, मान वाकडी करून ऐकायचा, बंद करायचा. पुढं पुढं संध्याकाळी त्या गाडीतच जाऊन बसायला लागला. पुढच्या सीटवर, हात स्टेअरिंगवर. जेवणाचं ताट झाकलेलंच राहायचं. तीन वर्षांत माणूस अर्धा झाला.

शेवटी शुभांगीनं मला फोन केला. म्हणाली, "काका, ती गाडी गेल्याशिवाय बाबा काही उठायचे नाहीत. तुम्हीच सांगा त्यांना." मुंबईचा एक जुन्या गाड्या जमवणारा माणूस तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा होता. तो सकाळी आठला ट्रक घेऊन घोटीला यायचा होता. मी मोतीरामला सांगितलं. मला वाटलं होतं भांडेल. तो नुसतं "बरं" म्हणाला.

एकच अट घातली. ट्रक इथं आणायचा नाही. घोटीपर्यंत गाडी तो स्वतः चालवत नेणार.

दिवस सांगतो. अकरा डिसेंबर दोन हजार एकोणीस, बुधवार. दत्तजयंती होती. मंदिरातला पाळणा झाला, आम्ही दोघांनी सुंठवडा खाल्ला, आणि रात्री पावणेअकराला तो निघाला. एवढ्या उशिरा का, तर गाडी चाळीसच्या वर पळत नसे आणि दिवसा हायवेवर लोक हॉर्न मारून जीव नकोसा करतात. मी सकाळी कागदपत्रं घेऊन मोटारसायकलवर येणार होतो. चांदणं पिठासारखं पडलं होतं. थंडी कडक.

आता पुढचं त्यानं सांगितलेलं.

विल्होळीपर्यंत गाडी सुरेख चालली. त्याला बरं वाटलं, असं म्हणाला. इंजिनाची गरम हवा पायाशी येत होती, तिला तो तेलाचा वास. वाडीवऱ्हे मागं पडलं. गोंद्याचे कारखाने, त्यांचे दिवे... तेही मागं पडले. रस्त्यावर ट्रक तुरळक. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

डोक्यामागं पत्रा वाजला.

एकदा.

त्याला वाटलं, जॅक सरकला असेल. मागं फक्त जॅक होता आणि हत्यारांची पेटी. बाकी गाडी त्यानं रिकामी केली होती.

एक किलोमीटर गेला असेल.

परत.

एकदाच. बोटाच्या पेरानं वाजवावं तसं.

मागं बघायला काच नाही, नुसता पत्रा. आणि तोंडातून सवयीनं शब्द गेला. "आलंच..."

स्वतःचाच तो शब्द त्यानं ऐकला. तोच शब्द. तसाच.

त्यानं अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

मुंढेगावच्या अलीकडं एक जुना रस्ता हायवेला सोडून शेतात शिरतो. गाडी आपोआप तिकडं उतरली, म्हणाला. भाताची कापलेली शेतं. एक बंद टपरी, तिच्याशेजारी नळ. त्यानं चावी फिरवली. दिवे मालवले.

इंजिन बंद झालं की लगेच गप्प होत नाही. निवताना त्याचा पत्रा वाजतो. टिक... टिक... असा. तो ते ऐकत बसला. टिक... मग बऱ्याच वेळानं, टिक...

मग तेही थांबलं.

काहीच आवाज नाही. रातकिडासुद्धा नाही.

आणि पत्रा वाजला.

एकदा.

गाडी तर उभी होती.

मी विचारलं त्याला, पळाला का नाहीस? म्हणाला, "पळून कुठं जाऊ? एकदा नाय थांबलो, त्याचं काय झालं ते बघितलं ना."

तो उतरला. गाडीला वळसा घातला. बाजूच्या दाराला हात लावला, तर हँडल बर्फासारखं. दार उघडलं.

आत अंधार. खिडक्यांना पाठ करून समोरासमोर दोन बाक. पलीकडच्या बाकावर चांदणं पोचत नव्हतं.

तो आत चढला. अलीकडच्या बाकावर बसला. दार लावून घेतलं.

"काय म्हणत होतीस?" त्यानं विचारलं.

...

मी पहाटे पाचलाच निघालो होतो. शुभांगीचा फोन आला होता, बाबा पोचले नाहीत, फोनही उचलत नाहीत. त्या थंडीत मोटारसायकल कशी हाणली माझं मला माहीत. डोक्यात नाही नाही ते. साडेसहाला, नुकतं उजाडायला लागलं तेव्हा, मला ती गोल तोंडाची गाडी शेताकडेला दिसली. टपापासून चाकापर्यंत दवानं पांढरी.

दार उघडलं. मोतीराम आत बसला होता. जिवंत होता. डोळे सुजलेले, पण चेहरा... तीन वर्षांत मी त्याचा तसा चेहरा पाहिला नव्हता. ताप उतरलेल्या माणसाचा असतो तसा.

मी त्याच्याशेजारी बसलो. त्यानं मला हे सगळं सांगितलं, हळूहळू, थांबत थांबत. मी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"काही नाय."

"दिसली?"

"अंधार होता रे."

"मग?"

"मी बोललो. लय बोललो. शुभांगीचं पोरगं चालायला लागलं, ते सांगितलं. शेवंतीवर रोग पडला होता, ते सांगितलं. ती ऐकत होती." मग त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला वाटायचं, तिला काहीतरी सांगायचं होतं. तसं नव्हतं. भ्याली होती ती, वाल्मीक. एकटी होती मागं. मी नुसतं मागं येऊन बसायला पाहिजे होतं."

त्यानं पलीकडच्या बाकाकडं बघितलं.

"पहाटे गेली," तो म्हणाला. "मला कळलं गेल्याचं. हलकं झालं एकदम. आता ही गाडी दिली तरी चालंल."

तो उतरला आणि टपरीच्या नळावर तोंड धुवायला गेला. मी दोन मिनिटं तसाच आत बसलो. त्याची पेटी उचलावी म्हणून वाकलो, आणि उठताना माझं लक्ष खिडक्यांकडं गेलं.

थंडीत बंद गाडीत माणूस बसला तर त्याच्या श्वासाची वाफ काचेवर धरते, माहीत आहे ना. मोतीराम बसला होता त्याच्यामागची काच तशी धुरकट झाली होती. दार उघडं होतं, त्यामुळं ती कडेनं निवळत चालली होती.

पलीकडच्या बाकामागच्या काचेवरही वाफ होती.

वाटीएवढी. गोल. बसलेल्या बाईच्या तोंडाएवढ्या उंचीवर.

मी बघत राहिलो. ती निवळत नव्हती.

आकसायची... मग पसरायची.

परत आकसायची.

मी श्वास धरला. माझा नको म्हणून. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. बाहेर नळाचं पाणी पडत होतं.

वाफ पसरली.

आकसली.

मी खाली उतरलो. दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं. मोतीराम तोंड पुसत आला, म्हणाला, "चल, शुभांगी वाट बघत असंल." तो पुढं बसला. मी त्याच्यामागं मोटारसायकलवर. घोटीपर्यंत दहा-बारा किलोमीटर. सबंध रस्ता सांगू का नको, सांगू का नको, हेच चाललं होतं. त्यानं बऱ्याच दिवसांनी स्वतःहून चहा मागितला शुभांगीकडं. दोन पोळ्या खाल्ल्या. नातवाला मांडीवर घेतलं. आणि मला सांगवलं नाही.

आठला ट्रक आला. फळ्या लावून गाडी वर चढवली, दोर बांधले. मोतीरामनं मागच्या झाकणावर एकदा हात फिरवला आणि बाजूला झाला. रडला नाही.

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. चांगला जगला. फुलं पुन्हा लावली. रात्री झोपायचा. झोपेतच गेला. त्याला मी हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती पहाटेच गेली, असं धरून तो गेला. मी चूक केली का बरं केलं, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या आजीलासुद्धा सांगितलं नव्हतं कधी.

ट्रक निघाला तेव्हा साडेआठ झाले होते. ऊन चांगलं वर आलं होतं. गाडीवरचं दव केव्हाच वाळलं होतं, सगळ्या काचा कोरड्या लखलखीत. ट्रक चौकात मुंबईच्या बाजूला वळला, आणि गाडीची पलीकडची बाजू आमच्याकडं झाली. मोतीराम नातवाला हात हलवायला शिकवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मी बघितलं.

त्याच बाकामागच्या काचेवर वाटीएवढी वाफ होती.