सारवणातला हात

मनीषनगरच्या रविवारच्या बाजारात कामिनी थांबली ती तुरीच्या ओल्या शेंगांसाठी. पण नजर अडकली शेंगांमागच्या बोर्डावरच्या फोटोत — मातीचं घर, शेणानं सारवलेली जमीन आणि खाली ठळक अक्षरांत, ‘स्वतःच्या हातांनी जगा.’

"बुटीबोरीच्या पुढे आहे," शेंगा तोलणारा तरुण हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. "मी पुष्कर. नोकरी सोडून दोन वर्षं झाली. गॅस नाही, नळ नाही... सगळं आपलं आपण!"

"सारवण कोणी केलं?"

"आम्हीच."

"आम्ही म्हणजे कोण?"

तो गडबडला. कामिनीनं फोटोवर बोट ठेवलं. लहानपणी रोज घर सारवूनच ती शाळेत गेली होती; जमिनीवरचे ते अर्धगोल तिला अक्षरांसारखे वाचता येत. "हा बाईचा हात आहे. फेर बघा किती लहान. आणि इथं कडेला बांगडी घासली आहे."

"...कौशल्याबाई. शेजारी राहतात."

"आणि विहिरीचं पाणी?"

"ते... तेही त्याच."

"मग काहून खोटं लिहून राहिले तुम्ही?" राग आला की तिची भाषा थेट गावी पोचायची. तणतणत ती निघाली. शेंगा मात्र घेतल्या.

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली — फक्त भांडायला, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. त्यानं कोवळ्या शेंगा तिच्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. "आज कशावर रागावणार?" त्यानं विचारलं, आणि तिला हसू दाबावं लागलं. शेंगा उकडल्या की तिच्या भाड्याच्या खोलीत गावचं अंगण दरवळे. तिथलं मोकळं आभाळ, चुलीवरची भाकर... हे आठवतं म्हणून तिला स्वतःचाही राग येई.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी तो चाचरत म्हणाला, "तिथे... राहायला याल? माझ्याबरोबर?"

काळीज एकदा धडधडलं. मग संताप उसळला.

"माह्या मायनं डोक्यावर पाण्याचे गुंड वाहून मले शिकवलं. आज मी लॅबमध्ये नोकरी करून राहिली, पण तिची मान अजून सरळ होत नाही. तेच गुंड तुम्ही माह्या डोक्यावर ठेवता, अन् त्याले साधेपणा म्हणता?"

पुढचे दोन रविवार बाजारात पुष्करची जागा रिकामी. तिसऱ्या आठवड्यात निरोप आला — ‘एकदा बघून जा. मग नाही म्हणा.’

बसमध्ये तिनं भांडणाची पूर्ण तयारी केली. पण अंगणात शिरली, तर समोर नवाकोरा नळ. आणि ओट्यावर चहा पीत बसलेल्या कौशल्याबाई.

"ये वं माय, पाह्य याचे हाल! चार दिवसांपासून सारवून राहिला. म्या हात नाही लावला."

आत पुष्कर कोपरापर्यंत शेणात बरबटलेला. जमिनीवर मोठमोठे, वेडेवाकडे फेर. एक तर भिंतीवरच चढलेला. जागोजागी भेगा.

"नळ घेतला. गॅसही घेतला," तो खालमानेनं म्हणाला. "बोर्डही उतरवला. पावणेआठची बस तुमच्या लॅबजवळ थांबते... डबा मी करीन. नोकरी सोडा असं माझ्या मनातही नव्हतं."

"पण विचारलंही नव्हतं!"

"नव्हतं. चुकलंच."

कामिनी वाकली. एका फेरावर तिनं पंजा ठेवला. निम्माही फेर भरला नाही. डोळे उगीच भरून आले, म्हणून आवाज चढवला.

"माती जास्त, शेण कमी. भेगा पडतील नाही तर काय! खरवडून काढ सगळं. परत सारव. मी इथं बसून सांगते."

"किती वेळ बसशील?"

ती उंबऱ्यावर टेकली, पदर खोचला नाही, बाह्या सरसावल्या नाहीत.

"नीट जमेपर्यंत. अन् तुहा हात पाहून वाटते... जन्म जाईन गा."