गार पाण्याचा चटका

"शहाळ्यात ॲसिड घातलं म्हणतायत, बाई! लवकर या, ओबीला गोऱ्यांनी घेरलंय!"

सी-ग्रेप हॉटेलच्या रखवालदाराचा फोन. सार्जंट इनेटा स्पेन्सरने तोंडातला घास तसाच गिळला आणि जीप काढली. सोमवारची सकाळ. अँटिग्वाच्या या टोकाला गुन्हा म्हणजे फार तर बकरी चोरीला जाणे.

ओबी म्हणजे ओबडाया फ्रान्सिस. इनेटा शाळेत जायची तेव्हापासून तो याच किनाऱ्यावर, याच हातगाडीवर शहाळी सोलत होता. आज तो वाळूत मान खाली घालून बसला होता. त्याच्याभोवती पाहुण्यांचं कडं होतं, आणि कड्याच्या मधोमध ग्रॅहम पेलिंग उभा होता.

पेलिंगच्या डोक्यावर डासांची जाळी लावलेली टोपी, नाकावर पांढऱ्या मलमाचा थर, गळ्यात शिट्टी. उष्ण बेटांवर निरोगी कसं राहावं यावर तो आपल्या देशात व्याख्यानं देई आणि दरवर्षी एक कंपू घेऊन इथे येई. व्याख्यानाचं सार एवढंच, की इथलं पिऊ नका, इथलं खाऊ नका, आणि इथल्या माणसांच्या फार जवळ जाऊ नका. ओबीचा कोयता त्याने जप्त करून टॉवेलात गुंडाळला होता आणि मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरला होता.

"काय झालं?" इनेटाने विचारलं.

"मी बजावलं होतं, गाडीवरचं काही घ्यायचं नाही," पेलिंग म्हणाला. "म्युरिएलबाईंनी ऐकलं नाही. पहिल्याच घोटाला किंचाळल्या. तोंड भाजलं म्हणाल्या. मग उलट्या, मग चक्कर. त्यांना इस्पितळात पाठवलंय. मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलंय, ॲसिड आहे."

"शहाळं कुठाय?"

"हे काय. पुराव्याला हात लावू नका!"

इनेटाने अर्धं पाणी बाटलीत ओतून घेतलं आणि उरलेलं सगळ्यांच्या देखत पिऊन टाकलं. एक बाई तोंडावर हात ठेवून ओरडली.

"बर्फातलं आहे," इनेटा तोंड पुसत म्हणाली. "मस्त गार."

"विष हळूहळू चढत असेल," पेलिंग म्हणाला.

"ॲसिड हळूहळू चढतं होय? हे नव्हतं माहीत मला."

पण हॉटेलवाल्यांचे हात वरपर्यंत पोचलेले. तेवढ्यात साहेबांचा फोन आलाच. संध्याकाळपर्यंत ओबीला राजधानीत, सेंट जॉन्सच्या कोठडीत पोचवा, गाडीचा परवाना रद्द करा, पाहुण्यांसमोर तमाशा नको. त्यापाठोपाठ इस्पितळातून डॉक्टरीणबाईंचा. म्युरिएलबाईंच्या छातीचे ठोके मंदावत चालले होते. "तोंडात भाजल्याची एक खूण नाही," त्या म्हणाल्या. "पोटात नेमकं काय गेलंय ते कळलं नाही तर मी चुकीचे उपचार करत बसेन. शोधून काढ, आणि लवकर."

"इनेटा," ओबी पहिल्यांदाच बोलला, "मी असं करीन का गं?"

"काका, जीपमध्ये सावलीत बसा. आणि गप्प बसा."

तिला पेलिंगची किळस आली होती आणि ती लपवायचे कष्ट ती घेत नव्हती.

कंपूतल्या इतरांची पोटंही पहाटेपासून बिघडलेली होती. त्यांना पेलिंगने ऊन लागल्याचं सांगून साखर-मिठाचं पाणी दिलं होतं. सगळ्यात बेजार झाला होता क्लाइव्ह नावाचा एक निवृत्त मास्तर. खोलीत पांघरूण घेऊन तो पडला होता आणि शेजारी त्याची बायको बसली होती.

"तुम्ही शहाळं प्यायलात?" इनेटाने विचारलं.

"छे! ग्रॅहमचा सक्त नियम आहे."

"मग होतंय काय?"

"पोट पार रिकामं झालंय. ओठांना मुंग्या येतायत. आणि तुमच्या या हॉटेलात नळ उलटे बसवलेत! गार पाण्याखाली हात धरला तर चटका बसला. मी तक्रार केलीय."

इनेटाने न्हाणीघरात जाऊन गार नळाखाली हात धरला. पाणी गारच होतं.

"काल रात्री जेवायला काय होतं?"

"तांबोशी मासळी. ग्रॅहमने सकाळी स्वतः बाजारातून ताजी आणली. नीट शिजवलेली होती हो, तो त्या बाबतीत फार काटेकोर. म्युरिएलनं तर दोनदा वाढून घेतली."

"सगळे जेवलात?"

"सगळे. ग्रॅहम सोडून. तो इथे आला की घरच्या डब्यातली बिस्किटंच खातो."

क्लाइव्हच्या बायकोने फोन पुढे केला. "हे बघा, त्याचा कालचाच फोटो!" होडीत पेलिंग उभा, हातात पायाइतका लांब रुपेरी मासा. खालचा जबडा पुढे आलेला, त्यात करवतीसारखे दात. "व्याख्यानात दाखवणार आहे. पण मासा त्यानं परत सोडून दिला. मनाचा फार मोठा."

"काल म्हणजे रविवारी?"

"रविवारीच."

इनेटाने फोन परत दिला आणि खाली स्वयंपाकघरात गेली.

स्वयंपाकीण लोरेटा पातेलं घासत होती. ते स्वच्छ झालेलं होतं, तरी घासत होती. चुलीमागे हॉटेलची मांजर डचेस आडवी पडली होती. इनेटाला बघून ती उठायला गेली, तर मागचे पाय तिच्याखाली दुमडले.

"हिला काय झालं गं?"

"म्हातारी झालीय."

"परवा तर कुत्र्याच्या अंगावर धावून गेली होती."

लोरेटा पातेल्यात बघत राहिली.

"काल मासा आला तेव्हा डोकं होतं त्याला?"

"नाही," लोरेटा पुटपुटली. "कातडं सोलून, तुकडे करून आणला होता. त्या टोपीवाल्यानंच."

इनेटाने अंगणात जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि बराच वेळ बोलली. मग धक्क्यावर गेली. तिथे कथबर्ट आपली होडी धूत होता. तो रविवारऐवजी शनिवार प्रार्थनेचा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातला. शनिवारी देवळात, रविवारी पाहुणे घेऊन समुद्रावर. तिने त्याला एकच गोष्ट विचारली. उत्तर ऐकून ती समुद्रात थुंकली आणि त्याला बरोबर घेऊन आली.

दुपारी तिने सगळ्यांना हॉटेलच्या व्हरांड्यात बसवलं. क्लाइव्हही बायकोच्या आधाराने आला. टेबलावर झाकलेली बशी होती. इनेटाने झाकण काढलं. आत मसाल्यातला मासा होता.

"पेलिंगसाहेब, कालचा थोडा उरला होता. तुमचीच तांबोशी. एक घास खा. खाल्लात की मी ओबीकाकांना स्वतः सेंट जॉन्सला नेऊन कोंडते."

"मी इथलं अन्न खात नाही."

"तुम्ही निवडलेली. तुमच्या देखत शिजलेली. शिजवलं की भीती नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

"हा माझा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"काय हे, ग्रॅहम!" क्लाइव्ह वैतागून म्हणाला. "एका घासानं काय होतंय? आण इकडे, मी खातो." त्याने काट्याला तुकडा लावला आणि तोंडाकडे नेला.

पेलिंगने मान फिरवली आणि समुद्राकडे बघू लागला.

इनेटाने क्लाइव्हचं मनगट पकडलं. "पाहिलंत सगळ्यांनी? तुम्हाला अडवायला यांच्या तोंडून शब्दसुद्धा फुटला नाही."

तिने काटा तुकड्यासकट बशीत ठेवला.

"क्लाइव्हसाहेब, तुमचे नळ सरळच आहेत. गार पाणी तुम्हाला चटका देतंय, कारण तुमच्या नसा फसल्यात. म्युरिएलबाईंचंही तेच. शहाळं बर्फातलं होतं, म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटलं. आमच्या काही खडकांवरच्या मोठ्या माशांत एक विष साठतं. त्याला वास नाही, चव नाही, आणि कितीही शिजवा, ते जात नाही. गार वस्तू भाजायला लागली की आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा विचारतं, मासा कुठला खाल्लास?"

"पण आम्ही बाजारातली तांबोशी..." क्लाइव्हची बायको म्हणाली.

"रविवारी इथे मासळीबाजार भरत नाही, बाई. सगळं गाव देवळात असतं. दरवर्षी येऊन यांना एवढंही ठाऊक नाही, कारण यांनी आमच्याकडून कधी काही विकत घेतलंच नाही. तुम्ही खाल्लात तो फोटोतला बाराकुडा. एवढा मोठा बाराकुडा या बेटावर कुणी शिवत नाही. म्हणून तर डोकं आणि कातडं वाटेतच गेलं. आणि चुलीमागे मांजर लुळी पडलीय. मांजर काही शहाळं पीत नाही."

लोरेटाने डोळ्यांना पदर लावावा तसा एप्रन लावला. "मी पहिला तुकडा तिलाच दिला होता. आमची रीतच आहे. मांजर धड राहते का ते बघायला रात्रभर थांबायचं असतं. पण हे म्हणाले, बाई, तू शिजवायचं बघ. सकाळी नोकरीच्या भीतीनं मी गप्प बसले."

"कथबर्ट, तू सांग."

"मी म्हणालो, साहेब, फोटो काढा आणि पाण्यात टाका, हा माणसं आडवी करतो. तर हसले. अडाण्यांच्या भाकडकथा म्हणाले. आज सकाळी काळजीनं विचारायला आलो, कुणी खाल्ला नाही ना? तर म्हणाले, तोंड उघडलंस तर या हॉटेलचं एक गिऱ्हाईक तुझ्या होडीत बसू देणार नाही."

"आणि हे बोलणं झालं ते ओबीच्या गाडीवरच्या प्रकाराच्या आधी," इनेटा पेलिंगकडे वळली. "म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. म्युरिएलबाई किंचाळल्या आणि तुम्हाला आयतं शहाळं मिळालं. काल मासा खाऊ घातलात तो मूर्खपणा होता. मूर्खपणासाठी मी कुणाला धरत नाही, नाहीतर कोठडीत जागा उरायची नाही. पण आज डॉक्टरांना खोटं सांगितलंत. एक बाई मेली असती तरी चाललं असतं तुम्हाला, आपली व्याख्यानं वाचली म्हणजे झालं."

"मला... मला या लोकांची जबाबदारी..." पेलिंगच्या नाकावरचं मलम घामाने ओघळत होतं.

"म्युरिएलबाईंचे ठोके सुधारतायत. डॉक्टरांना वेळेवर कळलं. तुमच्याकडून नाही कळलं. चला जीपमध्ये."

"पण हा मासा," क्लाइव्ह घाबरून बशीकडे बोट दाखवत म्हणाला, "हा जवळजवळ माझ्या तोंडात..."

इनेटाने काटा उचलला आणि त्याच्यावरचा तुकडा तोंडात टाकला. "हा माझा डबा आहे. शनिवारची तांबोशी. डोक्यासकट घेतलेली."

ओबी जीपमधून उतरला. "माझा कोयता," एवढंच म्हणाला.

"आणून द्या," इनेटा पेलिंगला म्हणाली. "दोन्ही हातांनी."

पेलिंगने खोलीतून कोयता आणला. त्याने तो औषधाने पुसून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून ठेवला होता. ओबीने पिशवी सोडली, पातं नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. मग तो पाण्यात उतरला, गुडघ्यावर बसला, आणि ओली वाळू घेऊन कोयता मुठीपासून टोकापर्यंत घासू लागला.

"काका, गिऱ्हाईक थांबलंय," इनेटा म्हणाली.

"थांबू दे," ओबी म्हणाला. "स्वच्छ झाल्याशिवाय शहाळ्याला लावणार नाही. कुणाचा हात लागलाय बघतेस ना?"