तेरा तारखेचं पाणी

फ्रिजवरच्या कॅलेंडरवर चौदा एप्रिलभोवती लहूभाऊंनी निळ्या शाईचं वर्तुळ काढलं होतं, अगदी जानेवारीतच काढून ठेवलं होतं. पण आज सकाळी चष्मा लावून पाहतात तो काय, अकरा तारखेपासून एकोणीसपर्यंत कुणीतरी पेन्सिलीने एक रेघ ओढली होती... आणि नंतर ती खोडरबराने इतक्या निगुतीने पुसून टाकली होती, की तेवढाच कागद हाताला मऊ लागत होता!

"सारंग, ही रेघ कुणाची रे?"

सारंग दारात बुटांच्या नाड्या बांधत होता. वेलिंग्टनची ट्रेन गाठायची होती. त्याने मान वर केली नाही. "सुनिसाची."

"आणि पुसली कुणी?"

"तिनंच."

लहूभाऊ त्या मऊ कागदावरून बोट फिरवत राहिले. तेव्हा सारंगच उठून जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबा, सोंगक्रान आहे ना तेराला. थायलंडचं नवं वर्ष. या वेळी आम्ही तिघांनी तिच्या माहेरी जायचं म्हणत होती. नऊ वर्षांत एकदाही ती त्या सणाला गेलेली नाही. तिची सुट्टी मंजूर झाली, आरुषीची शाळा बंद, तिकिटं उद्यापर्यंत धरून ठेवलीत मी. आणि काल एकदम म्हणते, नाही जायचं."

"का पण?"

"तुमचं भाषण चौदाला. म्हणते, बाबांना जॉन्सनव्हिलच्या हॉलवर कोण नेणार, खीर कोण करणार, आई असत्या तर गोष्ट वेगळी होती... मी दमलो समजावून. तिची आई ऐंशीची झाली, बाबा. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही तिला आता." त्याने बॅग खांद्यावर टाकली. "येतो. ट्रेन जाईल."

दार लागलं. लहूभाऊ तिथेच उभे राहिले. मी कुणाला म्हटलं होतं का, माझ्यासाठी थांबा म्हणून? असं आधी त्यांच्या मनात आलं, थोडं रागानेच आलं. आणि मग त्या रागाचीच त्यांना लाज वाटली.

पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांची सारी हयात गेली होती. हजारो पुस्तकं त्यांनी लोकांच्या हाती दिली, पण चार माणसांपुढे उभं राहून बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला मुलाकडे आल्यापासून, तिथल्या जयंतीचा कार्यक्रम ठरवणारे शिवाजीराव दर वर्षी आग्रह करायचे, "लहूभाऊ, या जयंतीला तुम्ही बोलायचंच!" आणि दर वर्षी लहूभाऊ घशाचं कारण सांगायचे. या वर्षी कसं कोण जाणे, हो म्हणून बसले. चवदार तळ्यावर बोलायचं ठरलं होतं. बारा पानं लिहून झाली होती. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिली होती, आणि तरीही ती कुणी ऐकावीत इतकी बरी आहेत असं त्यांना वाटत नव्हतं. अशा पानांसाठी एका लेकीने आपल्या आईकडे जाऊ नये?

"आजोबा, युअर ग्लास!"

आठ वर्षांची आरुषी वीटबिक्सचा बाऊल घेऊन आली होती. येताना तिने त्यांचा स्टीलचा पेला आणला होता. या पेल्यावरून घरात थट्टा चालायची. लहूभाऊ पाणी प्यायचे ते याच पेल्याने. बागेतल्या नळाला सगळे ओंजळ लावायचे, हे मात्र पिशवीतून पेला काढायचे.

"थँक्यू, बाळा. मम्मी कुठंय?"

"मागे. फिजोआज वेचतेय. हीप्स पडलेत." तिने चमचा तोंडात घातला आणि मग एकदम विचारलं, "आजोबा, यू स्टिल हॅवन्ट फरगिव्हन मम्मी?"

"काय?"

"फॉर मॅरिइंग डॅड. मी लहान होते तेव्हा विचारलं होतं, आपण घरी सोंगक्रान का नाही करत. तर मम्मी म्हणाली, आजोबांनी माझं पाणी घेतलं नाही. सॉरी म्हणायचं पाणी असतं ते. सो... यू डिडन्ट टेक द सॉरी."

नऊ वर्षं! नऊ वर्षं सुनिसा असं समजून या घरात वावरत होती?

तो दिवस त्यांना विसरता आला नव्हता. सारंगचं लग्न होऊन चारच महिने झाले होते. कलावती तेव्हा होती. नव्या सुनेवर तिचा भारी जीव. "नावातच सून आहे हिच्या, अजून काय पाहिजे!" असं ती सगळ्यांना सांगायची. त्या तेरा एप्रिलला सुनिसाने एका चांदीच्या वाडग्यात सुगंधी पाणी भरलं, त्यात फुलं सोडली आणि दोघांना सोफ्यावर बसवलं. सारंगकडून पाठ करून घेतलेलं वाक्य ती अडखळत म्हणाली, "आई, बाबा, माझं काही चुकलं असेल, तर क्षमा करा." आधी तिने कलावतीच्या पुढे केलेल्या तळहातांवर पाणी ओतलं. कलावतीचे डोळे भरून आले, तिने सुनेला पोटाशी धरलं. मग सुनिसा लहूभाऊंकडे वळली. वाडगा कलला. पाण्याची धार खाली येऊ लागली...

आणि लहूभाऊंनी चटका बसावा तसे हात मागे घेतले होते!

वाडगा पडला. गालिच्यावर फुलं पसरली. "माझ्या हातांवर वरून पाणी ओतायचं नाही!" कधी नव्हे ते ओरडले होते ते. "कधीच नाही! समजलं?"

काय झालं, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सारंगने विचारलं, तेव्हा पुस्तकात तोंड खुपसलं. कलावतीने वाडगा पुसून, आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून वरच्या कपाटात तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला. तीन वर्षांपूर्वी ती गेली. जाण्याच्या आधी दवाखान्यात त्यांचा हात धरून एवढंच म्हणाली, "मला नाही सांगितलंत, चालेल हो... पण तिला एकदा सांगा, काय होतं ते." त्यांनी मान डोलावली होती. आणि तेही पाळलं नव्हतं.

पेला ओट्यावर ठेवून लहूभाऊ मागच्या दाराकडे गेले.

फिजोआच्या झाडाखाली सुनिसा गुडघ्यांवर बसून बादलीत फळं भरत होती. त्यांना पाहताच ती लगबगीने उठू लागली. "बाबा, चहा पाहिजे का? आलेच हां." तिची मराठी कलावतीने शिकवलेली होती, शब्द तिचे आणि सूर कलावतीचा.

"बस. बस तू." ते स्वतः पायरीवर टेकले. आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माणसाला पहिलं वाक्यच सापडेना! "सुनिसा, तू जात का नाहीस आईकडे?"

"तुमचं स्पीच आहे. मी पुढच्या वर्षी जाईल."

"पुढच्या वर्षी आई असेल?"

हातातलं फळ तिने उगीच पुसलं. मग खाली पाहत म्हणाली, "बाबा, मी तिकडे सोंगक्रानला गेले, तर आईच्या हातावर पाणी टाकणार, क्षमा मागणार, आई आशीर्वाद देणार... पण या घरात क्षमा नाही मिळाली. एका घरची राहिली, तर दुसऱ्या घरची कशी मागू? मला लाज वाटते."

"अगं तू काय केलंस क्षमा मागण्यासारखं?" लहूभाऊंचा आवाज फाटला. "चूक माझी... ऐक. मी कुणाला सांगितलेलं नाही. कलावतीलाही नाही."

आणि त्यांनी सांगितलं. अंबाजोगाईजवळचं गाव, एकसष्ट सालचा उन्हाळा. ते सहा वर्षांचे. आईबरोबर बाजाराला चालले होते. वाटेतल्या हॉटेलापुढे आईने पाणी मागितलं. हॉटेलवाला ओट्यावर उभा राहिला. ही माणसं खाली, रस्त्यावर. तांब्या बाटू नये, म्हणून तो वरून पाणी ओतत होता आणि आई वाकून, ओंजळ तोंडाला लावून पीत होती. अर्धं पाणी तिच्या कोपरांवरून ओघळून धुळीत चाललं होतं. मग लहूची पाळी. त्याने आईसारखी ओंजळ केली. धार नाकात गेली, तो ठसकला, आणि बाकावरची माणसं हसली.

"आई म्हणाली, 'हालू नगं लेकरा. सांडलं तर पुन्यांदा न्हाई द्यायचे.'" मग लहूभाऊ म्हणाले, "त्या दिवसापासून मी ओंजळ केली नाही, सुनिसा. कधीच नाही. तो पेला... लोकांना वाटतं सवय आहे. त्या दिवशी तू पाणी ओतलंस आणि मला तूही दिसली नाहीस, तुझी फुलंही दिसली नाहीत. मला फक्त वरून येणारी धार दिसली..."

सुनिसा रडत होती. आवाज न करता, फळं मांडीवर तशीच ठेवून रडत होती. "मला वाटलं, तुम्हाला पुण्याची सून हवी होती."

"वेडी आहेस का! कलावती गेल्यावर माझ्या पथ्याचं कोण बघतं? औषधाच्या गोळ्या कोण मोजून ठेवतं? मला मेल्याला बोलता येत नाही, म्हणून तू नऊ वर्षं..." चष्मा पुसून ते म्हणाले, "तो वाडगा आण."

"आज तेरा नाही, बाबा."

"नऊ वर्षं राहून गेलंय. आता तारीख कशाला बघायची?"

तिने लुगड्याच्या तुकड्याची गाठ सोडली, तेव्हा दोघांनाही कलावतीची आठवण आली. सुगंधी पाण्याची बाटली केव्हाच संपली होती. तिने साधंच पाणी घेतलं आणि कुंपणावरच्या कॅमेलियाच्या चार पाकळ्या त्यात टाकल्या. लहूभाऊ पायरीवर बसले होते. सुनिसा त्यांच्यासमोर ओल्या गवतावर गुडघे टेकून बसली, मान खाली घातली.

लहूभाऊंनी हात पुढे केले. तळवे एकमेकांजवळ आले, आणि पासष्ट वर्षांनी त्या हातांची पुन्हा ओंजळ झाली.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं... ते वर होते, आणि ती खाली!

"सुनिसा, त्या दिवशीही तू अशीच खाली बसली होतीस?"

"हो, बाबा. असंच असतं. पाणी देणारा खाली बसतो. घेणारा मोठा असतो."

देवा रे! इतकी साधी गोष्ट... समोर गुडघ्यांवर बसलेली पोर त्यांना दिसली नव्हती! पाणी अगदी सावकाश त्यांच्या तळहातांवर उतरलं. गार होतं, पण लागलं नाही. आशीर्वाद द्यायचा होता. इतकी पुस्तकं वाचलेली, एक शब्द सुचेल तर शपथ! शेवटी आई आल्यागेल्या लेकीबाळींना म्हणायची, तेच त्यांच्या तोंडून निघालं, "सुखी ऱ्हा, माय... सुखी ऱ्हा."

आत येऊन त्यांनी निळं पेन घेतलं आणि पुसलेल्या पेन्सिलीवरून, अकरापासून एकोणीसपर्यंत, शाईची रेघ ओढली. "तुम्ही पण चला ना," सुनिसा म्हणाली. त्यांनी मान हलवली. "तेरा तुझी, चौदा माझी. आता मी घसा दुखतो म्हटलं, तर शिवाजीराव घरी येऊन मारतील."

"आणि खीर?"

"लिहून दे. वाचून करेन. वाचता तर येतं मला!"

तेरा तारखेला सुनिसाच्या माहेरून, लांपांगहून, आरुषीने फोन लावला. पडद्यावर एक सुरकुतलेली, अंध होत चाललेली म्हातारी खुर्चीत बसली होती. तिच्यापुढे सुनिसा गुडघ्यांवर होती. म्हातारीचे ओले हात लेकीचा चेहरा चाचपत होते, कपाळ, नाक, गाल... लहूभाऊंनी पडद्यापुढेच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी शिवाजीरावांच्या गाडीत पातेलं मांडीवर धरून ते जॉन्सनव्हिलला पोचले. शिवाजीरावांच्या बायकोने, सुलभाताईंनी, चमचाभर खीर चाखली. "लहूभाऊ, खालून लागलीय हं जरा."

"लागणारच. पहिलीच आहे माझी."

नाव पुकारायला पाच मिनिटं होती. तोंड कोरडं पडलं होतं. त्यांनी पिशवीत हात घातला, आणि पेला नव्हता! पिशवी पूर्ण उलटी केली. बारा पानं होती, चष्म्याची डबी होती, पेला नव्हता. तेव्हा त्यांना कळलं, की इतकी वर्षं तो पेला पिशवीत आपोआप येत नव्हता. घराबाहेर पडताना कुणीतरी तो न बोलता ठेवत होतं.

ते हॉलच्या स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर कपांची चळत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग नळ सोडला, दोन्ही हात खाली धरले, आणि ओंजळ भरून प्यायले. पुन्हा भरली, पुन्हा प्यायले.

"लहूभाऊ, चला!" बाहेरून हाक आली.

बारा पानं त्यांनी पातेल्याशेजारीच ठेवली. माईकपुढे उभे राहिले तेव्हा सदऱ्याच्या बाह्या भिजलेल्या होत्या आणि कोपरांवरून पाणी टपकत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

"माझी आई," ते म्हणाले, आणि आवाज फुटला, "माझी आई पाणी कसं प्यायची, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे. आणि मग माझ्या सुनेबद्दल सांगणार आहे..."