जमिनीवरचा चौकोन

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं, तर शेवट तरी बरा केला असता.

मी दिव्यानी. गाव गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. नोकरी चंद्रपूरच्या एका कॉलेजात, प्रोजेक्टवर. माझं काम ऐकून लोक हसतात. बंगालच्या उपसागरावर हवेत किती वाफ आहे, ते मी उपग्रहाच्या मायक्रोवेव्ह सेन्सरवरून काढते.

"समुद्र कुठी, आपण कुठी," सोबत काम करणारा सुनिल चिडवतो. "तुनं पाह्यला तरी का?"

नाही पाहिला. माझ्या नकाशावर समुद्र म्हणजे नुसते चौकोन. जितकी वाफ, तितका निळा गडद. जमिनीवर हे गणित चालतच नाही, म्हणून जमीन सगळी करडी, रिकामी.

गावात मात्र माझा भाव वधारलेला. "आमच्या दिव्यानीले वरून पाणी दिसते," असं माझे सोमाजीकाका भेटेल त्याला सांगायचे. काका नदीत मासे धरायचे.

गेल्या वर्षी, पोळ्याच्या तीन दिवस आधी, सकाळी सव्वानऊला त्यांचा फोन आला.

"दिव्यानी, समुद्राकून पाणी येऊन राह्यलं का वो? दोन दिस बेटावर जाळं टाकाले जातो म्हणतो."

नदीच्या मधोमध वाळूचं बेट आहे. ते तिथे मुक्काम करायचे.

मला मीटिंगची घाई होती. नकाशावर उभ्या उभ्या नजर टाकली. आंध्रच्या किनाऱ्याजवळ मोठा पांढरा डाग. त्यात एकही आकडा नाही.

"काई नाई तिथी, काका. जा बिनधास्त."

फोन ठेवला.

पण पांढरा म्हणजे काही नाही, असं नव्हतं. मुसळधार पाऊस असला की वाफेचं गणित चुकतं. म्हणून ते चौकोन पांढरेच सोडायचे असतात. हा नियम प्रोग्राममध्ये मीच लिहिला होता...

दुसऱ्या दिवशी तो पाऊस आमच्याकडे पोचला. रात्रीतून नदी बेटावरून गेली.

काका चौथ्या दिवशी सापडले.

मी कोणालाच काही बोलले नाही. तेरवीला कमळाकाकूच्या गळ्यात पडून रडले, पण तोंड उघडलं नाही. आता लिहितानाही लाज वाटते.

त्यानंतर पंधराएक दिवस गेले असतील. सकाळी ऑफिसात एकटीच होते. वीज गेलेली. पंखा बंद, कॉम्प्युटर बॅटरीवर. सगळं शांत.

आणि...

थप्... थप्...

मासे जाळ्याकडे हाकायला पाण्यावर बांबू मारतात, त्याचा आवाज. लहानपणापासून ऐकलेला. चुकणार कसा?

खिडकीबाहेर फक्त गाड्या लावलेल्या.

मान वळवून नकाशाकडे पाहिलं... करड्या जमिनीत एक चौकोन निळा होता.

गडद निळा.

अक्षांश-रेखांश तपासले. चौकोनाच्या बरोबर मध्यावर ते बेट.

सुनिल आल्यावर त्याला तीच फाइल उघडायला लावली.

"सगळं करडं तं हाये," तो म्हणाला. "झोप नाई होत का तुही?"

दुसऱ्या दिवशी चौकोन पुन्हा आला. तिसऱ्याही दिवशी. प्रोग्राम नव्याने लिहिला. कॉम्प्युटर बदलला. चौकोन तिथेच.

शेवटी सुट्टी टाकून गावी गेले. काकू अंगणात धान पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं.

तिचं सूप थांबलं नाही.

"मले मालूम हाये. तेयनं फोन लावला तवा मी बाजूलेच होती."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहून राह्यली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिने सूप खाली ठेवलं. आवाज एकदम बारीक केला...

"रोज सकाळी जाळ्याच्या खोलीतून तेयचा आवाज येते. 'दिव्यानीले विचार, जाऊ का...' मी काय सांगू? तेयनं तुले विचारलं होतं. तूच सांग त्यायले."

आता मी रोज सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचते. दार लावून त्या चौकोनाकडे पाहत बोलते. काका, पाणी येऊन राह्यलं. नका जाऊ. चौकोन निळाच राहतो.

तेव्हा माझ्या एका शब्दावर ते गेले होते.

आता रोज सांगते... ऐकतच नाहीत.