तेलपडद्याच्या पलीकडे

तेव्हा हाडांत शिसं साचलेलं असायचं, म्हणून अस्थी थेट नदीत सोडायला बंदी होती. कृष्णेच्या घाटावर काचेची दोन कुंडं जोडून बांधलेली होती आणि त्यांच्या मधे, सच्छिद्र पापुद्र्यात मुरवलेला करंजतेलाचा थर. त्याला सगळे तेलपडदा म्हणत.

"तेलातून पाणी जात नाही, मग शिसं कसं जातं?" शेवंताबाईंनी विचारलं. नवऱ्याच्या, दामोदररावांच्या, अस्थींचा कलश त्यांनी पदराखाली धरला होता.

"तेलात आम्ही नावाडी सोडलेत, आजी," घाटावरची रसायनतज्ज्ञ ऋजुता म्हणाली. "एका जातीचे रेणू. अलीकडच्या आंबट पाण्यात अस्थी विरघळतात. नावाडी त्यातलं शिसं उचलतात, पलीकडे उतरवतात, रिकामे परत येतात. पूर्वी याला विषारी द्रावकं लागायची, आता झाडाचं तेल पुरतं. बाकीचं सगळं नदीत जातं."

"ह्यांच्या तोंडात मी मंगळसूत्रातला मणी ठेवला होता."

"सोनं नावाड्यांना ओळखू येत नाही. मणी नदीत जाईल."

"आणि शिसं?"

"बॅटरीच्या कारखान्यात. वाया नाही जात."

शेवंताबाई पायरीवर बसल्या. दामोदररावांनी जन्मभर त्याच कारखान्यात शिसं वितळवलं होतं. निवृत्तीच्या दिवशी डबा खाली ठेवत ते म्हणाले होते, "आता त्या फाटकात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

"मग ते मलाच द्या की."

"घरात ठेवता येत नाही, आजी. विष आहे ते."

"आता सांगतेस होय. रोज ह्यांच्या सदऱ्यावरून घरी यायचं ते. मीच धुवायचे मोरीत, ह्याच हातांनी."

ऋजुतानं त्यांच्या हातांकडे पाहिलं. ती काय पाहतेय हे कळायला शेवंताबाईंना थोडा वेळ लागला.

"माझ्याही हाडांत असेल?"

"असणार थोडं."

"म्हणजे माझ्या वेळेला मीसुद्धा त्याच फाटकातून."

"तुम्ही नाही, आजी. फक्त शिसं."

"मग ह्यांचं काय कारखान्यात जातंय आणि काय नदीत, ते तरी सांग."

हे ऋजुताला कुणी शिकवलं नव्हतं. शिसं हाडांतच आहे तोवर कलश तसाच घरी न्यायचा तर नेता येईल, एवढंच ती म्हणाली.

शेवंताबाईंनी अलीकडच्या कुंडात कलश उलटा केला. मणी तळाशी टेकला. पलीकडचं पाणी तसंच नितळ राहिलं.

त्यांनी हात जोडले, आणि कोणत्या कुंडाकडे वळायचं ते न कळून तशाच उभ्या राहिल्या.