दोनशे तासांची तार

नवी तार दोनशे तास वाजल्याशिवाय तिच्यातून खरा आवाज बाहेर पडत नाही. हे विज्ञान आहे. निदान बर्डीच्या बाजारातल्या गिरिधर मेश्रामच्या रेडिओ-स्पीकरच्या दुकानात तरी ते विज्ञान होतं. दुकानाच्या पायऱ्या उतरल्या की ते गिरिधरचं मत होत असे.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात एका दुपारी सुमती रामटेके त्या पायऱ्या चढली, तेव्हा दुकानात कोणी दिसेना.

"मालक नाहीत का?"

"आहेत," एक अॅम्प्लिफायर म्हणाला.

मग त्याच्या मागून सोल्डरिंगच्या राळेच्या धुराचा वास आला आणि त्या वासापाठोपाठ गिरिधरचं डोकं. केसांत तारेचा एक बारीक तुकडा अडकला होता. सुमतीला तो काढावासा वाटला... पण तिनं पिशवीतून खोका काढला. कुवेतहून भाऊ शालिकरामनं पाठवलेली तार, करंगळीएवढी जाड, आत तांबं चमकत होतं.

"आईनं गच्चीवर कपड्यांसाठी बांधाले काढली होती," ती म्हणाली. "मी म्हटलं, आधी विचारून येते."

गिरिधरनं तार दोन्ही हातांत धरली. नवजात बाळ धरतात तशी. "गच्चीवर? ही स्पीकरची तार आहे. ओरिजिनल." त्यानं सोबतचा कागद वाचला. "पण दोनशे तास वाजवा लागते. मग तयार होते."

"काहून?"

"आवाज जाऊन जाऊन वाट मोकळी होते. नवी चप्पल नाही का चावत सुरुवातीले?"

"चप्पल मले चावते. तार कोणाले चावून राहिली?"

सात वर्षांच्या धंद्यात हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

सुमती टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होती, बाहेरगावचे कॉल जोडायची. दिवसभर परक्या माणसांचे आवाज कानात, आणि दर तीन मिनिटांनी मध्येच विचारायचं, 'तीन मिनिटं झाली, वाढवायची का?' "लोक अडीच मिनिटं हवापाण्याचं बोलतात," तिनं गिरिधरला सांगितलं. "खरं काय ते शेवटच्या दहा सेकंदांत."

गिरिधरनं मान डोलावली आणि पुढची अडीच मिनिटं थंडीबद्दल बोलला.

शनिवारी तो इंदोऱ्याला, तिच्या घरी, तार जोडायला गेला. तिचे वडील, नानाजी, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. छापील कागदावर जे लिहिलंय ते पाळायचं, एवढा एकच नियम त्यांनी आयुष्यभर पाळला होता. कागदावर दोनशे होते, म्हणून दोनशे. रोज चार तास, पन्नास दिवस. त्यांनी जुनं रजिस्टर काढून सुमतीला दिलं. "रोजचे तास लिहाचे वं. दोनशे भरले की हिंगण्याच्या पाहुण्यांले बोलावू. पोरगा कंपनीत सुपरवायझर आहे. घरात रेकॉर्डची मशीन कशी वाजते, तेही पाहू दे."

गिरिधरच्या हातातला पेचकस थांबला. बोलायचं होतं ते त्यानं तेव्हाच बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "मले दर गुरुवारी आणि रविवारी येऊन ऐका लागंन. प्रगती पाहाले."

कागदावर असं काही नव्हतं. सुमतीनं ते वडिलांना सांगितलं नाही.

मग सुरू झाले ते दिवस... वेताच्या खुर्चीत गिरिधर डोळे मिटून बसायचा. नानाजींकडे एकच चांगली रेकॉर्ड होती, सनईची, तीच लागायची. स्वयंपाकघरातून सुमती यायची आणि काटोलचं सोललेलं संत्रं त्याच्या तळहातावर ठेवायची. खोलीभर सालीचा वास.

"काही फरक?"

"उघडून राहिली हळूहळू... वरचे सूर मोकळे झाले."

"आणि खालचे?"

"खालचे – लाजून राहिले अजून."

"तारच लाजते न?"

त्यानं डोळे उघडले. ती पाहत होती. त्यानं ते लगेच मिटून घेतले.

महिनाभर सकाळ-संध्याकाळ सनई ऐकून शेजारच्या कौसल्याबाई एक दिवस कुंपणाशी आल्या. "लगन कधीचं काढलं वं, सुमती?"

"तारेले विचारा, मावशी."

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, नानाजींनी जाहीर केलं, "शनिवारी दोनशे भरून राहिले. रविवारी हिंगण्याचे पाहुणे."

"थंडी फार आहे, नानाजी," गिरिधर म्हणाला. "थंडीत तांबं आखडते. अजून शंभर तास तरी..."

"कागदावर थंडीचं काही लिहून आहे?"

"नाही."

"मग दोनशेच." नानाजी सायकल आत घ्यायला गेले.

"इकडे या जरा," सुमती म्हणाली.

स्पीकरच्या मागे जुनी, सुतळीएवढी बारीक तार होती. नवी तार खोक्यात होती आणि खोका पलंगाखाली.

"कधी काढली?"

"दुसऱ्याच दिवशी, तुम्ही येण्याच्या आधी."

"काहून?"

"तास भरू नाही म्हणून..." तिनं रजिस्टर पुढे केलं. "मी खोटं लिहीत नाही." पहिल्या तारखेपुढे चार होते. खाली सत्तेचाळीस शून्यं, सुवाच्य अक्षरात. "मले वाटलं, पहिल्याच रविवारी पकडाल. पकडलं की सांगणार होती."

"काय?"

"आता काय? तुम्ही पकडलंच नाही. वरचे सूर मोकळे झाले म्हणे."

नानाजी परत आले. "काय पाहून राहिले मागं?"

तार गुपचूप जोडता आली असती. बर्डीवर लोक गिरिधरच्या कानावर विश्वास ठेवून येत, तो कान शाबूत राहिला असता. रविवारी हिंगणाही आला असता. गिरिधरनं घसा साफ केला.

"नानाजी, दोनशे नाही झाले. चारच झाले. पुढं तार जोडलेलीच नव्हती."

"आणि तुले समजलं नाही?"

"नाही."

"मग इतके दिवस डोळे मिटून काय ऐकून राहिला होता गा?"

रेकॉर्डची बाजू संपली होती. सुई नुसतीच खरखरत होती.

"तीन मिनिटं झाली," सुमती हळूच म्हणाली. "वाढवायची का?"

"नको," गिरिधर म्हणाला. "यांच्या बांगड्या, नानाजी. स्वयंपाकघरातून इकडे येतात तेव्हाच्या. डाव्या हातात दोन आहेत. एकीले तडा आहे – ती जरा चिरकी वाजते. मी तेच ऐकून राहिलो होतो."

सुमतीनं डावा हात उजेडात धरला. आतल्या बांगडीला केसाएवढा तडा होता. तिलाही आजच दिसला.

हा प्रसंग रेल्वेच्या कोणत्याही छापील नियमात नव्हता. नानाजींनी रजिस्टर घेतलं, एकेक शून्य तपासलं आणि सवयीनं खाली सही केली.

"उद्या ऑफिसातून हिंगण्याले फोन लाव वं. सांग, मशीन तयार नाही."

"कधी होईल म्हणून विचारतील, बाबा."

"सांग, नाही होत." ते आत वळले आणि दारात थांबले. "आणि याले एक संत्रं दे. घाम फुटला त्याले."

लग्न मे महिन्यात झालं. सनई तीच लावली. शेजाऱ्यांना ती पाठ होती. तार मात्र पुन्हा कधी जोडली नाही. आईनं ती गच्चीवर बांधली आहे. तिच्यावर चादरी वाळतात.